रेस ट्रॅकवर स्वतःची गाडी पहिल्यांदा नेताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट, कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे किंवा ग्रेटर नोएडाचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, यांपैकी कोणत्याही ट्रॅकवर ‘ट्रॅक-डे’च्या, म्हणजे सामान्य चालकांना स्वतःची गाडी ट्रॅकवर चालवू देणाऱ्या आयोजित दिवसाच्या, सकाळी उभे राहिले तर नवख्या चालकांच्या हातून त्याच त्या चुका होताना दिसतात. महिनाभर खर्च झालेला असतो तो एक्झॉस्टवर आणि रुंद टायरांवर, तर ब्रेक ऑइल तीन वर्षांचे जुने असते. पहिल्याच फेरीत ब्रेक किती उशिरा दाबता येतो याची परीक्षा सुरू होते आणि तिसऱ्या सत्रापर्यंत गाडी, टायर किंवा चालक यांपैकी काहीतरी थकून जाते. ब्रेक उशिरा दाबणे ही शिकण्याची शेवटची पायरी आहे. तिच्याआधी काय करायचे आणि कोणत्या क्रमाने, एवढ्यापुरताच हा लेख आहे. तो रस्त्यावर चालणाऱ्या, फारसे बदल न केलेल्या हॅचबॅक किंवा सेडानसाठी आहे. स्पर्धेत उतरण्यासाठी नाही.

टप्पा १: नाव नोंदवण्याआधी

सर्वप्रथम आपल्या विम्याची पॉलिसी उघडून ‘वापराच्या मर्यादा’ हा भाग वाचावा. आपल्याकडच्या खासगी मोटार पॉलिसीत संघटित शर्यत, वेगाची चाचणी आणि विश्वसनीयतेची चाचणी यांसाठी होणारा वापर वगळलेला असतो. ‘शर्यत नाही, नुसता सराव आहे’ या युक्तिवादावर विसंबून गाडी ट्रॅकवर नेऊ नये. गाडी ठोकली तर दुरुस्तीचा खर्च आपल्या खिशातून जाणार, असे धरूनच निर्णय घ्यावा. गाडीवर कर्ज असेल आणि तीच रोज कामावर नेणारी असेल तर हा विचार दोनदा करावा.

आयोजकांना चार गोष्टी आधीच विचाराव्यात: नवख्यांचा गट वेगळा असतो का, शेजारी प्रशिक्षक बसतो का, एक सत्र किती मिनिटांचे असते आणि एका वेळी ट्रॅकवर किती गाड्या सोडतात. प्रशिक्षक मिळत असेल तर त्याचे पैसे द्यावेत. नव्या टायरांच्या खर्चाच्या एका लहानशा भागात तो जे शिकवतो, ते टायर शिकवत नाहीत. गाडी उंच एसयूव्ही असेल किंवा डिकीत सीएनजीची टाकी असेल तर ती चालेल का, हे आधीच विचारून घ्यावे. माझे स्वतःचे मत असे की, पहिल्या दिवसासाठी या दोन्ही प्रकारच्या गाड्या नेऊ नयेत. एकीचे वजन उंचावर असते आणि दुसरीचे मागे, आणि नवख्या चालकाला दोन्ही गोष्टी वळणात महागात पडतात.

टप्पा २: ब्रेक

या टप्प्यावर मी सर्वांत जास्त वेळ घेणार आहे, कारण ट्रॅकवर गाडीतली सर्वांत आधी हार मानणारी वस्तू म्हणजे ब्रेक. गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून १४० चा वेग ७० वर आणताना वेग निम्मा होतो, पण ऊर्जेचा पाऊण हिस्सा उष्णता होऊन डिस्क आणि पॅडमध्ये उतरतो. घाटातही हे घडते. मात्र घाटात दोन ब्रेकिंगच्या मध्ये उसंत मिळते, तर ट्रॅकवर दर मिनिटाला तीन-चार वेळा हेच करावे लागते.

ही उष्णता पॅडमधून पिस्टनकडे आणि तिथून ब्रेक ऑइलकडे पोहोचते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि ओलावा शोषलेले ऑइल लवकर उकळते. नवे डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्याच ऑइलात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरले की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळले की नळ्यांत वाफेचे बुडबुडे तयार होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला टेकते, पण गाडी थांबत नाही. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळी हवेत राहणाऱ्या गाडीच्या बाबतीत तर ऑइलच्या वयाकडे अधिकच लक्ष द्यावे.

माझ्या पहिल्या ट्रॅक-दिवसाच्या आदल्या आठवड्यात मी एका गॅरेजमध्ये ब्रेक ऑइल बदलायला सांगितले होते. बिलावर तशी नोंदही होती. दुसऱ्या सत्राच्या पाचव्या फेरीत पेडल मऊ झाले. मोठ्या सरळ रस्त्याच्या शेवटी नव्हे, तर सुदैवाने एका हळू वळणाआधी ते लक्षात आले. पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या, गाड्या थांबवायच्या जागेत) येऊन पाहिले तेव्हा बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीतले ऑइल नवे होते, पण चाकाजवळच्या निपलमधून (ऑइल काढण्याच्या तोटीतून) निघालेले ऑइल काळपट तपकिरी होते. वरच्या डबीतले ऑइल उपसून नवे भरले होते, नळ्यांतले तसेच ठेवले होते. तेव्हापासून हे काम मी समोर उभा राहून करून घेतो.

क्रम असा ठेवावा:

१. ट्रॅक-दिवसाच्या एक-दोन आठवडे आधी ब्रेक ऑइल पूर्ण बदलावे. चारही चाकांच्या निपलमधून जुने ऑइल काढून, स्वच्छ ऑइल येईपर्यंत आणि हवेचा एकही बुडबुडा दिसेनासा होईपर्यंत काम चालू ठेवावे.

२. गाडीच्या पुस्तिकेत डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिले असेल तर ताजे, सीलबंद डॉट ४ किंवा डॉट ५.१ वापरता येते. डॉट ५ हे सिलिकॉनचे वेगळे ऑइल आहे. नावातल्या साम्यामुळे ते चुकूनही भरू नये.

३. पुढची चाके काढून पॅडची जाडी पाहावी. निम्म्याहून कमी उरलेले पॅड ट्रॅकवर नेऊ नयेत. पातळ पॅड उष्णता अडवत नाही, ती थेट ऑइलकडे जाऊ देतो.

४. पॅड नवे बसवले असतील तर ते डिस्कवर नीट बसेपर्यंत शंभर-दीडशे किलोमीटर सौम्यपणे चालवावेत. नवे पॅड घालून थेट ट्रॅकवर जाणे ही जुने पॅड नेण्याइतकीच मोठी चूक आहे.

तपासणी: इंजिन चालू ठेवून पेडल जोराने दाबावे आणि अर्धा मिनिट तसेच धरावे. ते हळूहळू खाली जात असेल किंवा स्पंजासारखे वाटत असेल तर नाव मागे घ्यावे.

टप्पा ३: टायर, नट आणि द्रव

टायरच्या बाजूवर चार आकडे एका चौकटीत छापलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि शेवटचे दोन वर्ष. ‘२३२२’ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांहून जुने टायर, नक्षी कितीही शाबूत दिसली तरी, मी ट्रॅकवर नेणार नाही. बाजूवर फुगवटा, चीर किंवा पंक्चरची तात्पुरती दुरुस्ती असलेला टायर तर मुळीच नको.

हवा थंड टायरमध्ये, कंपनीने सांगितली तेवढी भरावी. ‘ट्रॅकवर हवा कमी ठेवतात’ हे अर्धवट ऐकलेले ज्ञान आहे. अनुभवी लोक गरम टायरचा दाब मोजून, गरजेपुरती हवा काढतात. नवख्याने आधीच हवा कमी केली तर टायरची बाजू वळणात रस्त्यावर घासते. ती घासते आहे का हे पाहण्यासाठी एक साधी युक्ती आहे: टायरच्या कडेवर, नक्षीपासून बाजूपर्यंत, खडूने रेघ ओढावी आणि सत्र संपल्यावर ती कुठपर्यंत पुसली गेली हे पाहावे.

चाकांचे नट टॉर्क पान्याने (किती जोर लागला हे दाखवणाऱ्या पान्याने), पुस्तिकेतल्या आकड्याला घट्ट करावेत. पान्यावर उभे राहून आवळलेला नट सुरक्षित नसतो; त्याचे आटे ताणले जातात.

इंजिन ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेजवळ असावे, तिच्या वर नको. कूलंट पुरेसे असावे, बॅटरी पट्टीने घट्ट बांधलेली असावी. पेट्रोल निम्म्या टाकीच्या खाली जाऊ देऊ नये, कारण लांब वळणात ते टाकीत एका बाजूला सरकते आणि पंपाला हवा ओढावी लागते.

टप्पा ४: प्रवास आणि आदली रात्र

पुण्याहून निघणाऱ्यांसाठी एक सोय आहे. कात्रज-वारजे बाह्यवळणावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूरमार्गे थेट मद्रास सर्किटच्या परिसरात पोहोचतो. परंतु हे अंतर हजार किलोमीटरहून बरेच अधिक आहे. ते एका दमात कापून दुसऱ्या सकाळी ट्रॅकवर उतरणे ही थकव्याच्या हाती स्टिअरिंग देण्यासारखी गोष्ट आहे. वाटेत एक मुक्काम करावा, आणि ट्रॅकजवळ आदल्या संध्याकाळीच पोहोचावे.

सोबत घ्यायच्या वस्तू: टायरमधली हवा मोजायचे स्वतःचे मीटर, हवा भरायचा छोटा पंप, टॉर्क पाना, एक लिटर इंजिन ऑइल, ब्रेक ऑइलची एक न उघडलेली बाटली, चाकाला लावायची लाकडी उटी, गाडी ओढण्याचा हूक, ओआरएसची पाकिटे आणि सावलीसाठी काहीतरी. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घालावेत. नायलॉन उष्णतेने वितळून कातडीला चिकटते. बूट पातळ तळाचे आणि अरुंद असावेत.

हेल्मेट पूर्ण चेहरा झाकणारे असावे. कोणत्या प्रमाणपत्राचे चालते हे आयोजकांकडून जाणून घ्यावे आणि घरीच, ते घालून गाडीत बसून पाहावे. अनेकांना ट्रॅकवर पोहोचल्यावर कळते की, हेल्मेट छताला टेकते किंवा हेडरेस्टमुळे मान पुढे ढकलली जाते.

टप्पा ५: सकाळी, पॅडॉकमध्ये (पिटमागच्या, गाड्या उभ्या करायच्या आवारात)

१. गाडी पूर्ण रिकामी करावी. पायाखालच्या चटया, डिकीतला जॅक, पाण्याच्या बाटल्या, डॅशबोर्डवरची मूर्ती, सीटखाली गेलेली नाणी, सर्व काही बाहेर काढावे. ब्रेक पेडलखाली घरंगळत आलेली बाटली ही कल्पनेतली भीती नाही.

२. ओढण्याचा हूक बंपरमध्ये बसवून पाहावा.

३. सूचनांची बैठक चुकवू नये, आणि तिथे झेंडे पाठ करावेत. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, वेग कमी करा, कोणालाही ओलांडू नका. लाल म्हणजे सत्र थांबले, हळू होऊन पिटमध्ये परत या. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी आली आहे. पिवळ्यावर लाल उभे पट्टे म्हणजे रस्ता निसरडा आहे. काळ्यावर नारिंगी गोल म्हणजे तुमच्या गाडीत बिघाड दिसतो आहे. चौकटीचा म्हणजे सत्र संपले.

४. ओलांडण्याचा नियम स्पष्ट विचारून घ्यावा. नवख्यांच्या गटात सहसा फक्त सरळ रस्त्यावर, आणि पुढच्या चालकाने हाताने खूण केल्यावरच ओलांडता येते.

इशारा: लाल झेंडा दिसताच करकचून ब्रेक दाबणे धोक्याचे आहे. आरसा पाहून, वेग क्रमाने उतरवावा.

टप्पा ६: बसण्याची पद्धत

बहुतेक जण महामार्गावर बसतात तसे, फार मागे रेलून बसतात. ब्रेक पूर्ण दाबला असता गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, आणि पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर पोहोचले पाहिजे. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी ठेवावेत. डावा पाय क्लच नको असताना बाजूच्या टेकूवर घट्ट रोवावा, म्हणजे वळणात शरीर पायावर तोलले जाते आणि स्टिअरिंगला लोंबकळावे लागत नाही.

टप्पा ७: पहिले सत्र फक्त डोळ्यांसाठी

पहिल्या सत्रात गाडीच्या क्षमतेच्या सहा-सात दशांशांहून अधिक काही मागू नये. पहिल्या दोन फेऱ्यांत टायर आणि ब्रेक गरम होतात. त्याच फेऱ्यांत झेंडे दाखवणाऱ्या मार्शलची प्रत्येक चौकी कुठे आहे, पिटचा रस्ता कुठून फुटतो आणि रस्त्याबाहेर खडी आहे, गवत आहे की भिंत, हे डोळ्यांनी टिपावे.

नजर ही इथे सर्वांत आधी शिकायची गोष्ट आहे. ताशी १०० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. बॉनेटच्या पुढचे दहा मीटर पाहणारा चालक घडून गेलेल्या गोष्टी पाहत असतो. ब्रेक दाबताना डोळे वळणाच्या सुरुवातीकडे, गाडी वळवताना आतल्या कडेकडे आणि आतली कड गाठण्याआधीच बाहेर पडण्याच्या जागेकडे गेले पाहिजेत. हे जमले नाही तर पुढचा एकही टप्पा जमत नाही, म्हणून त्यासाठी अख्खे सत्र द्यावे.

टप्पा ८: रेषा

वळणात टायरची पकड तेवढीच राहते, पण वळणाची त्रिज्या आपण वाढवू शकतो. त्रिज्या दुप्पट झाली की त्याच पकडीत वेग सुमारे १.४ पट ठेवता येतो. म्हणूनच बाहेरच्या कडेने आत शिरून, आतल्या कडेला स्पर्श करून, पुन्हा बाहेरच्या कडेला निघायचे. गाडी आतल्या कडेच्या सर्वांत जवळ जाते त्या बिंदूला एपेक्स म्हणतात.

नवखे चालक जवळजवळ न चुकता लवकर वळतात. लवकर वळले की एपेक्स लवकर येतो, आणि वळण संपता संपता रस्ता संपतो. यावर उपाय एकच: सुरुवातीला मुद्दाम उशिरा वळावे आणि एपेक्स वळणाच्या मध्याच्या थोडा पुढे धरावा. आत शिरताना वेळ जातो, पण बाहेर पडताना स्टिअरिंग लवकर सरळ होते आणि ॲक्सिलरेटर लवकर देता येतो. बाहेर पडताना मिळालेला वेग पुढच्या संपूर्ण सरळ रस्त्यावर आपल्यासोबत राहतो.

आपल्याकडच्या गाड्यांत चालक उजवीकडे बसतो, म्हणून उजव्या वळणाची आतली कड खिडकीखालीच दिसते. डाव्या वळणात मात्र आपण कडेला लागलो असे वाटते तेव्हा अजून एखादा मीटर उरलेला असतो. डाव्या एपेक्सला आपण किती दूर राहतो हे प्रशिक्षकाला विचारून पाहावे.

तपासणी: वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग आणखी आत वळवावे लागले किंवा ॲक्सिलरेटर सोडावा लागला, तर आपण लवकर वळलो होतो. बाहेरच्या कडेला रुंद जागा उरली, तर वेग वाढवायला वाव आहे.

टप्पा ९: ब्रेक दाबण्याची पद्धत, आणि मगच ब्रेकचे ठिकाण

रेषा प्रत्येक फेरीत तीच येऊ लागली की ब्रेककडे वळावे. रस्त्यावर आपण आधी हळू आणि शेवटी जोरात ब्रेक दाबतो. ट्रॅकवर हे उलटे असते. गाडी सरळ असताना पेडल झटका न देता, पण लवकर, पूर्ण जोरापर्यंत न्यावे, आणि वळण जवळ येईल तसतसे हळूहळू सोडावे. यामागचे कारण वजनात आहे: ब्रेक दाबला की वजन पुढच्या चाकांवर येते आणि त्यांची पकड वाढते, वजन येण्याआधीच पेडल लाथाडले तर ती पकड मिळायच्या आत एबीएस (चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) काम करू लागते. उलट, वळत असतानाच ब्रेक एकदम सोडला तर वजन मागे जाते आणि पुढची चाके रुळावरून घसरल्यासारखी सरळ जाऊ लागतात.

सुरुवातीला आपल्याला योग्य वाटते त्याच्या बरेच आधी ब्रेक दाबावा. पद्धत पक्की झाली की ठिकाण एका वेळी तीन-चार मीटरच पुढे सरकवावे, तेही एकाच वळणावर. एका फेरीत तीन वळणांवर तीन बदल केले तर कशाने काय झाले, हे कळत नाही. टाच-पंजाने (एकाच पायाने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दाबत) गिअर उतरवणे आणि वळणात ब्रेक ओढत नेणे या गोष्टी पहिल्या दिवसाच्या नाहीत. ईएसपी (घसरू लागलेली गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) बंद करण्याचा मोहही पहिल्या दिवशी टाळावा.

टप्पा १०: गाडी हातातून सुटली तर

पुढच्या चाकांनी चालणारी गाडी वळणात बहुधा सरळ जाऊ लागते. अशा वेळी स्टिअरिंग आणखी वळवणे हा सर्वांचा पहिला आणि चुकीचा प्रतिसाद असतो. ॲक्सिलरेटर थोडा कमी करावा, स्टिअरिंग किंचित सोडावे. चाके पुन्हा पकड घेतात.

दोन चाके मातीत उतरली तर ती ओढून रस्त्यावर आणू नयेत. स्टिअरिंग सरळ धरून, ब्रेक न दाबता वेग उतरू द्यावा आणि मगच अलगद परत यावे. बहुतेक मोठे अपघात माती गाठल्याने नव्हे, तर घाईने परत येताना गाडी रस्ता ओलांडून पलीकडे गेल्याने होतात.

गाडी गरकन फिरलीच तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून धरावेत, म्हणजे गाडी कोणत्या दिशेला जाणार ते इतरांना समजते. थांबल्यावर पट्टा सोडून बाहेर उतरू नये. मार्शलच्या खुणेची वाट पाहावी.

टप्पा ११: सत्र वेळेआधी संपवणे

पंधरा-वीस मिनिटांचे सत्र नवख्याला लांब असते. पेडल मऊ वाटले, जळका वास आला, तापमानाचा काटा चढला, किंवा एकाच वळणावर सलग दोनदा चूक झाली, तर हात वर करून खूण करावी आणि पिटमध्ये यावे. शेवटची फेरी नेहमी हळू, शक्यतो ब्रेक न वापरता घ्यावी, म्हणजे वाहत्या हवेने डिस्क थंड होतात.

गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नये. तापलेल्या ड्रमवर किंवा डिस्कवर ब्रेकचे अस्तर दाबून ठेवले तर ते चिकटू शकते. चाकाला उटी लावावी आणि इंजिन बंद केल्यावर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी. टर्बो इंजिन दोन-तीन मिनिटे चालू ठेवून मग बंद करावे. लगेच चारही टायरांतली हवा मोजून वहीत लिहावी; थंड असताना ३२ असलेला टायर ३८ दाखवत असेल तर त्यात आश्चर्य नाही. घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणे जास्त असतात, म्हणून डावा पुढचा टायर सर्वांत आधी तापतो आणि झिजतो. नट पुन्हा टॉर्क पान्याने पाहावेत, पण चाके थंड झाल्यावर.

मग पाणी प्यावे आणि सावलीत बसावे. चेन्नईच्या उकाड्यात हेल्मेट घालून वीस मिनिटे चालवल्यावर शरीरातले पाणी किती जाते, याची कल्पना दुपारच्या सत्रात लक्ष उडू लागले की येते. दुपारचे शेवटचे सत्र मी बहुधा सोडून देतो, आणि नवख्यांनाही तोच सल्ला देतो. टायर, ब्रेक आणि माणूस तिन्ही थकलेले असताना केलेला सराव चुकीच्या सवयींचा असतो.

टप्पा १२: परतण्याआधी

ही पायरी सर्वांत जास्त विसरली जाते. गरम टायरमधली हवा काढली असेल तर टायर थंड झाल्यावर दाब नेमलेल्या आकड्याखाली जातो, आणि त्या टायरांवर सामानाने भरलेली गाडी महामार्गावर तासन्‌तास चालवणे ट्रॅकपेक्षाही धोक्याचे असते. म्हणून टायर पूर्ण थंड झाल्यावर सोबतच्या पंपाने हवा पुन्हा भरावी. टायरांच्या बाजू हात फिरवून तपासाव्यात, इंजिन ऑइलची पातळी पाहावी, पॅड चाकाच्या आऱ्यांमधून दिसत असतील तर जाडी पाहावी, आणि पॅडॉकच्या आवारात हळू चालवून पेडल सकाळइतकेच वर आणि कडक आहे याची खात्री करावी. तसे नसेल तर ब्रेकमधली हवा काढल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर नेऊ नये. सर्व ठीक असले तरी त्याच रात्री परतीला निघू नये. मुक्काम करून सकाळी, थंड टायरांची हवा एकदा पुन्हा मोजून निघावे.